फज : विस्तवावरून उतरल्यानंतर

ज्या घरात आल्याची वडी कधी बिघडत नाही, त्याच घरात चॉकलेट फज पहिल्या खेपेला अनेकदा रवाळ होतो. साखर तीच, दूध तेच, अक्रोड ताजे आणि कोकोही चांगल्यातला. घात करतो तो सरावाचा हात. वडी करताना कालथा सतत फिरता ठेवायचा, मिश्रण कडेने कोरडं पडू लागलं की उतरवायचं, गरम असतानाच घोटायचं आणि तूप लावलेल्या थाळ्यात थापायचं, हे त्या हातात इतकं मुरलेलं असतं की विचार करावा लागत नाही. फजला हे चालत नाही. विस्तवावरून उतरलेल्या फजच्या पातेल्याला पाऊण-एक तास कुणी हात लावायचा नसतो, पातेलं हलवायचंही नसतं. कोमट झाल्यावर घोटायला घेतलं, तर जिभेवर विरघळणारा फज मिळतो. अधीर होऊन गरम असताना घोटलं, तर चॉकलेटी रंगाची वडी मिळते. ती वाईट लागते असं नाही, पण तिला फज म्हणता येणार नाही.

गेल्या काही वर्षांत फराळाच्या ताटात चकली-करंजीच्या शेजारी चांदीच्या कागदात गुंडाळलेले चॉकलेटचे तुकडे दिसू लागले आहेत. मोल्डमध्ये ओतून केलेली घरगुती चॉकलेटं आता गल्लोगल्ली मिळतात. त्यांत बहुतेक वेळा तयार चॉकलेटची लादी वितळवून पुन्हा घट्ट केलेली असते. फज मात्र साखरेपासून स्वतः घडवावा लागतो, म्हणून तो शिकण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात फज म्हटलं की आधी लोणावळा आठवतं. बाजारातल्या ‘कूपर्स’ या जुन्या पारशी दुकानाचा अक्रोड घातलेला चॉकलेट फज पुण्या-मुंबईच्या कितीतरी कुटुंबांच्या घाटातल्या सहलीचा भाग झाला आहे. या गावात एक विलक्षण योग जुळून आला आहे. इथे एकाच रस्त्यावर चिक्की आणि फज शेजारी शेजारी विकले जातात, आणि साखरेच्या शास्त्रात हे दोन पदार्थ दोन टोकांना उभे आहेत. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३मध्ये पूर्ण झाला. त्या कामावरच्या मजुरांच्या गूळ-दाण्याशी चिक्कीची जन्मकथा जोडली जाते. चिक्कीचा पाक दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे पाणी जवळपास संपेपर्यंत चढवतात आणि झटपट लाटून गार करतात. साखरेला स्फटिक बांधायला वेळच मिळत नाही, म्हणून चिक्की पारदर्शक राहते आणि कट् करून मोडते. फजचा पाक बराच आधी, ११२ ते ११६ अंशांच्या दरम्यान थांबवतात. त्यात स्फटिक व्हायलाच हवेत, फक्त ते जिभेला न जाणवण्याइतके बारीक असायला हवेत. चिक्कीवाल्याला स्फटिक अजिबात नको असतो आणि फजवाल्याला असंख्य हवे असतात.

हा पदार्थ मुळात अमेरिकेचा, आणि त्याच्या प्रसाराचं श्रेय बऱ्याच अंशी कॉलेजात शिकणाऱ्या मुलींना जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी व्हॅसर हे त्या काळी फक्त मुलींसाठी असलेलं कॉलेज आहे. तिथली माजी विद्यार्थिनी एमलिन हार्ट्रिज हिने १९२१मध्ये लिहिलेलं एक पत्र फजच्या इतिहासातला पायाचा दगड मानलं जातं. तिच्या एका शाळासोबतिणीच्या नात्यातल्या व्यक्तीने बाल्टिमोरमध्ये हा पदार्थ केला होता आणि १८८६मध्ये तो तिथल्या किराणा दुकानात ४० सेंट पौंड या भावाने विकला जात होता, असं ती सांगते. एमलिनने मैत्रिणीकडून कृती मिळवली आणि व्हॅसरमध्ये फज करायला सुरुवात केली. १८८८मध्ये वरच्या वर्गाच्या लिलावासाठी तिने ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून जास्त फज केला. तेव्हाच कॉलेजला या पदार्थाची खरी ओळख झाली, असं तिचं म्हणणं आहे.

तिच्या नावाने प्रसिद्ध असलेली कृती चार ओळींत मावते: दोन कप साखर, एक कप साय, दोन औंस बिनसाखरेचं चॉकलेट आणि एक मोठा चमचा लोणी. मुली वसतिगृहाच्या खोलीत गॅसच्या दिव्यावर पातेलं धरून हा उद्योग करत. पुढे वेलस्ली आणि स्मिथ या मुलींच्या कॉलेजांनीही आपापल्या कृती रूढ केल्या. वेलस्लीच्या फजमध्ये मार्शमेलो आला, तर स्मिथच्या फजमध्ये तपकिरी साखर आणि उसाची काकवी. घराबाहेर पडून शिकणाऱ्या या पिढीकडे ना धड शेगडी होती, ना थर्मामीटर. पाक झाला की नाही हे त्या वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघत आणि बोटांनी त्याची मऊ गोळी वळते का ते तपासत. मराठी घरात लाडवांच्या पाकासाठी हीच परीक्षा चालत आली आहे आणि तिला गोळीबंद पाक म्हणतात. बाल्टिमोरच्या आणि सांगलीच्या स्वयंपाकघरांनी एकमेकांचं नावही न ऐकता पाण्याची तीच वाटी शेगडीजवळ ठेवली, हे फार सुंदर आहे.

फजचा धंदा उभा राहिला तो मिशिगन राज्यातल्या मॅकिनॉ बेटावर. ह्यूरॉन सरोवरातल्या या छोट्या बेटावर १८९८मध्ये मोटारगाड्यांना बंदी झाली आणि आजही तिथे घोडागाड्या आणि सायकली चालतात. ‘मर्डिक्स’ हे दुकान आपली सुरुवात १८८७ची सांगतं. इथले कारागीर उकळता पाक थेट संगमरवरी टेबलावर ओततात, दगडाला उष्णता शोषू देतात आणि मग लांब दांड्याच्या कालथ्यांनी कडा आत घेत घेत त्याचा लांबट गोळा बांधतात. हे सगळं गिऱ्हाइकासमोर चालतं. त्यापायी बेटावर येणाऱ्या प्रवाशांना स्थानिक लोक चक्क ‘फजीज’ म्हणू लागले.

घरच्या फजला संगमरवराची गरज नाही, पण तो दगड नेमकं काय साधतो ते कळलं तर अर्धी लढाई जिंकलीच.

खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. पाणी उकळत असेल तर तेवढ्याच पाण्यात जवळजवळ ४८० ग्रॅम साखर मावते. फजचा मिश्र पाक ११३ अंशांवर पोचतो तेव्हा त्यातल्या साखर-पाण्यात साखरेचा वाटा सुमारे ८५ टक्के झालेला असतो. आता हे पातेलं उतरवलं आणि ते निवू लागलं, की पाण्याला पेलवत नाही इतकी साखर त्यात अडकून राहते. तिला बाहेर पडायचं असतं, फक्त कुठून सुरुवात करायची ते ठरलेलं नसतं. मिश्रण गरम असताना ढवळलं तर थोडेच स्फटिक जन्माला येतात आणि उरलेली साखर त्यांच्यावरच चढत जाते. हे मोठे, टोकदार दाणे दाताखाली करकरतात. मिश्रण ४३ ते ४९ अंशांपर्यंत निवू दिलं आणि मग जोरात घोटलं, तर एकाच वेळी अगणित ठिकाणी स्फटिक सुरू होतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच साखर येते, म्हणून सगळे बारीक राहतात. २० मायक्रॉनच्या आसपासचे कण जिभेला कळत नाहीत, तिला फक्त मऊपणा कळतो.

आल्याच्या वडीत पहिला प्रकार मुद्दाम घडवून आणतात, कारण वडी खुसखुशीत हवी असते. म्हणूनच वडीचं ज्ञान फजला जसंच्या तसं लावता येत नाही. पाक ओळखणारी नजर उपयोगी पडते, फक्त घोटण्याची वेळ बदलावी लागते.

दुसरी गोष्ट उंचीची. परदेशी पुस्तकांत ११४ अंश छापलेलं असतं आणि पुण्यातली गृहिणी ते जसंच्या तसं पाळते. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि तिथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. लोणावळ्यातही तसंच. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर ते ९५-९६ अंशांना उकळतं. म्हणजे पुण्यात ११४पर्यंत चढवलेला पाक मुंबईच्या ११६च्या बरोबरीचा होतो आणि फज कोरडा, भुगा होणारा निघतो. उपाय सोपा आहे. आधी नुसतं पाणी उकळवून त्यात थर्मामीटर धरावा. जो आकडा दिसेल त्यात १३ किंवा १४ मिळवावेत. थर्मामीटर थोडा चुकीचा असला तरी तो दोषही या हिशेबात आपोआप वजा होतो. हवाही लक्षात घ्यावी लागते. साखर हवेतलं पाणी ओढते, म्हणून दमट दिवसात पाक एखादा अंश जास्त चढवतात. लोणावळ्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, फजवाल्याला हे पाळावंच लागतं. दिवाळीची कोरडी हवा मात्र या कामाला अगदी अनुकूल असते.

आता प्रत्यक्ष कृती. बिनसाखरेच्या चॉकलेटची वडी आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून कोको पावडर आणि थोडं जास्तीचं बटर घेऊन व्हॅसरचं प्रमाण असं बसवता येतं: ४०० ग्रॅम साखर, ३५ ग्रॅम कोको, १२० मिलिलिटर सायीचं दूध, तितकंच फ्रेश क्रीम, ४५ ग्रॅम बटर, एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज, चिमूटभर मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला आणि १२० ग्रॅम अक्रोड. साधारण सातशे ग्रॅम फज होतो. त्यातला निम्म्याहून जास्त भाग साखर आहे हे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून तुकडे लहान, पाऊण इंचाचे कापायचे.

पातेलं जाड बुडाचं आणि तीन लिटरचं तरी हवं, कारण दूध-साखरेचं मिश्रण चांगलंच वर येतं. कोको आणि साखर कोरडी असतानाच एकत्र चाळून घेतली तर गुठळ्या होत नाहीत. त्यात दूध, क्रीम, ग्लुकोज आणि मीठ घालून मंद आचेवर ठेवायचं. या टप्प्यावर मनसोक्त ढवळावं. साखरेचा एकही दाणा शिल्लक राहता कामा नये. चमच्याच्या पाठीवर रवाळपणा दिसेनासा झाला की उकळी येऊ द्यायची आणि दोन मिनिटं झाकण ठेवायचं. वाफेचं पाणी कडेवरून ओघळतं आणि तिथे चिकटलेली साखर खाली आणतं. कडेवरचा एक दाणा पुढे अख्ख्या पातेल्याला स्फटिकांची वाट दाखवतो, म्हणून हे दोन मिनिटांचं झाकण फार मोलाचं आहे. त्यानंतर आच मध्यम-मंद, आणि तळ लागत नाही ना एवढं पाहायला अधूनमधून हलका हात. ठरलेल्या आकड्याला पोचलं की लगेच उतरवायचं.

बटर आणि व्हॅनिला वरून सोडायची आणि ढवळायचं नाही. बटर वितळून वर पसरतं आणि साय धरू देत नाही. थर्मामीटर आतच राहू द्यावा. मग पाऊण-एक तास दुसरं काम करावं. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांनी पातेल्याच्या तळाला बाहेरून हात लावून पाहावा. आरामात टेकवता आला की घोटायला घ्यावं.

घोटायला लाकडी कालथा लागतो आणि दंडात जोर लागतो. सुरुवातीला मिश्रण चकचकीत आणि तारेसारखं ओघळणारं असतं. पाच मिनिटांनी जड होऊ लागतं, दहाच्या आसपास रंग किंचित फिका पडतो आणि मग एका क्षणी चकाकी जाते. हाच क्षण पकडायचा. अक्रोड घालून दोन-चारदा फिरवायचं आणि बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये लगेच ओतायचं, कारण पुढच्या मिनिटभरात ते पातेल्यातच आळतं. पातेलं खरवडून शेवटचा अंश ट्रेमध्ये घालू नये. कडेवरचं ते खरवडण फजमध्ये मिसळलं तर तेवढ्या भागात रवा येतो. ते वेगळं ठेवावं, घरातली मुलं त्याचा निकाल लावतातच.

लिक्विड ग्लुकोज कशाला, असं विचारलं जातं. साखरेच्या रेणूंना एकसारखे रेणू शेजारी मिळाले तर ते रांग धरतात. मध्ये ग्लुकोज आला की रांग मोडते आणि मोठे दाणे होत नाहीत. परदेशी कृतींत हेच काम कॉर्न सिरप करतं. लिंबाच्या रसातलं आम्लही साखरेचे दोन तुकडे करून हेच साधतं, पण त्याने दूध फाटण्याची भीती असते. केकचं साहित्य विकणाऱ्या कुठल्याही दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतो. एका चमच्याचे तीन चमचे केले मात्र, तर फज घट्टच होत नाही आणि टॉफीसारखा ओढाळ राहतो.

कोको भारतातलाही मिळतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. केरळात १९६५पासून कॅडबरीने कोकोच्या लागवडीला चालना दिली. पुढे १९७३मध्ये सुपारी आणि कोको पिकवणाऱ्यांची ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि १९८६मध्ये तिने कर्नाटकात पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. शेतकऱ्यांच्या सहकारातून चॉकलेट तयार होतं, ही गोष्ट साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने कौतुकाने पाहावी अशी आहे.

आता सुकामेवा. फजमध्ये अक्रोडच का, याला कारण आहे. अक्रोडाच्या पातळ सालीत टॅनिन असतं आणि तिचा कडसरपणा साखरेच्या गोडीला आवर घालतो. काजू गोडसर आणि मऊ असतो, त्यामुळे तो फजमध्ये हरवून जातो. वेंगुर्ल्याचा भौगोलिक मानांकन मिळालेला काजू इतका चांगला असतो की तो नुसता भाजून खावा. अक्रोडानंतर दुसरा क्रमांक द्यावा तो खरपूस भाजून, साल काढून, जाडसर मोडलेल्या शेंगदाण्याला. स्वस्त म्हणून त्याला कमी लेखलं जातं. चॉकलेटशी त्याचं जमतं मात्र फार छान.

भारतातलं अक्रोडाचं जवळजवळ सगळं पीक जम्मू-काश्मीरमध्ये येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळं उतरवतात, त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला नवा माल बाजारात पोचू लागतो. पातळ कवचाच्या अक्रोडाला कागदी म्हणतात. अक्रोडाच्या गराचा साठ टक्क्यांहून जास्त भाग तेल असतो आणि ते तेल लवकर खवट होतं. दुकानात उघड्या बरणीत महिनोन्‌महिने राहिलेला गर घेऊन केलेला फज दुसऱ्याच दिवशी जुना लागतो. म्हणून विकत घेताना एक पाकळी चावून पाहावी. घशाशी खवखव आली तर घेऊ नये. घरी आणल्यावर डबा फ्रिजमध्ये ठेवावा. फजमध्ये घालण्यापूर्वी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजून, फडक्यात हलकेच चोळून सुटी झालेलीच साल झटकावी आणि अक्रोड कोमट असतानाच वापरावेत. गार अक्रोड घातले तर मिश्रण अवेळी आळतं आणि ओले राहिलेले अक्रोड पुढे फजला मऊ पाडतात.

आजकाल जो पदार्थ फज म्हणून सर्वांत जास्त केला जातो त्यात यातलं काहीच नसतं. कंडेन्स्ड मिल्कचा डबा, वितळवलेलं चॉकलेट, थोडं बटर, आणि फ्रिजमध्ये तीन तास. आटवलेल्या दुधात साखर आधीच असते आणि चॉकलेटमधला स्निग्धांश गार झाला की सगळं घट्ट होतं. अमेरिकेतही अशा सोप्या वाटा निघाल्या. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावाने गाजलेल्या ‘मिलियन डॉलर’ फजमध्ये मार्शमेलो क्रीमने स्फटिकांची चिंता मिटवली होती. घाईच्या दिवशी ही वाट धरायला हरकत नाही. पण कंडेन्स्ड मिल्कचा तुकडा चिवट-चिकट असतो, बाहेर ठेवला की सैल पडतो आणि फ्रिजमधून काढला की त्याला घाम फुटतो. घोटलेल्या फजला दातांखाली आधी हलकासा तुटण्याचा प्रतिकार असतो आणि मग तो एकदम विरघळतो. ज्याने हा एकदा खाल्ला त्याला दुसरा फज म्हणून पटत नाही. कंडेन्स्ड मिल्कच्या फजमध्ये चॉकलेटऐवजी ‘कंपाउंड’ वापरलं असेल तर चव आणखी फिकी पडते, कारण त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असतं. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचायची सवय लावून घ्यावी.

घोटलेला फज बटर पेपरमध्ये एकेक तुकडा गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवला तर बाहेर आठ-दहा दिवस उत्तम राहतो. उलट पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी तो जास्त मऊ लागतो. दिवाळीत विक्रीसाठी करणाऱ्या भगिनींनी डब्यावर तारीख घालावी आणि त्यात अक्रोड, दाणे किंवा दूध आहे हे ठळक लिहावं. सुकामेव्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. खाद्यपदार्थ विकायचे तर घरगुती उद्योगालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती टाळू नये.

आणि खेप बिघडलीच तर टाकून देऊ नका. रवाळ फजचे तुकडे पातेल्यात घ्या, अर्धा कप पाणी घाला आणि साखरेचा शेवटचा दाणा विरघळेपर्यंत मंद आचेवर ठेवा. अक्रोड गाळून बाजूला काढा. मग पुन्हा त्याच आकड्यापर्यंत पाक चढवा, उतरवा, आणि कोमट होईपर्यंत ते पातेलं घरातल्या अधीर हातांपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवून द्या.